जैतापूरचा अणुवीज प्रकल्प आणि आपण चंद्रपूर-गडचिरोलीकर

मनोरा बांधू इच्छिणाऱ्या मनुष्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, म्हणजे पाया घातल्यावर काम अर्धवट टाकण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही, असा दाखला प्रभू येशूने लूकलिखित शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात दिला आहे. प्रभूने तो शिष्यत्वाच्या संदर्भात दिला; तथापि रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर अणुवीज प्रकल्पाचा इतिहास वाचताना त्याचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. या प्रकल्पाच्या जागेला केंद्र सरकारने २००५ साली तत्त्वतः मान्यता दिली. त्यास आता वीस वर्षे उलटून गेली. जमीन संपादित झाली, करारांवर स्वाक्षऱ्या झाल्या, आंदोलने झाली, एका तरुणाचा बळी गेला. परंतु एकाही अणुभट्टीचे बांधकाम सुरू झालेले नाही.

जैतापूर आपल्यापासून फार दूर आहे. आपल्या जिल्ह्यांतून तेथे जायचे तर सारा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. मग चंद्रपूर व गडचिरोलीच्या श्रद्धावंतांनी त्याचा विचार का करावा, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या दाराशीच आहे. महाराष्ट्राला लागणारी वीज कोठून तरी यावयाची आहे आणि आजवर तिचा मोठा भार आपल्या कोळशाने व आपल्या हवेने वाहिला आहे. त्यामुळे अणुवीजेच्या प्रश्नात आपण तटस्थ प्रेक्षक नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न समजून घेण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

आपल्या दारची वीज

चंद्रपूर शहरालगत दुर्गापूर येथे उभ्या असलेल्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. त्यानंतर एकेक संच वाढत गेला. २०१६ साली ५०० मेगावॅटचे आणखी दोन संच कार्यान्वित झाले आणि पहिले दोन जुने संच निवृत्त केल्यानंतर केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट झाली. परिसरातील खाणींतून कोळसा आणि इरई धरणातून पाणी, अशी या केंद्राची व्यवस्था आहे. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ खाणी, वीज केंद्र आणि त्यांभोवती वाढलेल्या उद्योगांवर चालतो, ही गोष्ट कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे.

परंतु या विजेची किंमतही आपणच मोजली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डिसेंबर २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यात अंकलेश्वर, वापी व गाझियाबाद यांच्या पाठोपाठ चंद्रपूरचा चौथा क्रमांक लागला. त्यानंतर २०१० साली या क्षेत्रात नव्या प्रकल्पांना काही काळ मनाईही करण्यात आली होती. चिमण्यांतून निघणारा धूर, राखेच्या तलावांवरून उडणारी राख आणि खाणींच्या रस्त्यांवरील काळी धूळ यांचे वर्णन आपल्या वाचकांना करून सांगण्याची गरज नाही.

अणुवीजेचे समर्थक नेमका येथेच आपला मुद्दा मांडतात. अणुवीज केंद्रातून धूर निघत नाही व राख उडत नाही. निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटमागे हिशेब केला, तर चेर्नोबिलसारखे अपघात जमेस धरूनही कोळशामुळे होणारे मृत्यू अणुवीजेपेक्षा कितीतरी अधिक भरतात, असे जागतिक अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. जैतापूरची नियोजित क्षमता सुमारे ९,९०० मेगावॅट, म्हणजे चंद्रपूर केंद्राच्या तिपटीहून अधिक आहे. हा युक्तिवाद पोकळ नाही आणि धुराखाली राहणाऱ्यांनी तर तो सहज झटकून टाकू नये.

अणुभट्टीत काय घडते?

औष्णिक केंद्र आणि अणुवीज केंद्र यांचे अर्धे अंग सारखेच असते. दोन्हीकडे पाण्याची वाफ होते, ती वाफ टर्बाइन फिरविते आणि टर्बाइनमुळे जनित्रात वीज निर्माण होते. फरक आहे तो उष्णतेच्या उगमात. एकीकडे कोळसा जळतो. दुसरीकडे युरेनियमच्या अणूंचे विखंडन होते.

कोळसा टाकणे थांबविले की भट्टी हळूहळू विझते. अणुभट्टीचे तसे नाही. विखंडन थांबविल्यावरही इंधनात साठलेली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. भट्टी बंद होताक्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते. काही तासांत ती एक टक्क्याच्या आसपास येते आणि पुढे अतिशय मंद गतीने कमी होते. टक्केवारी लहान वाटली तरी मोठ्या भट्टीच्या बाबतीत ही उष्णता इतकी प्रचंड असते की, बंद भट्टीलाही अखंड थंड करीत राहावे लागते. पाणी फिरविणारे पंप थांबले तर इंधन वितळू लागते.

जपानमधील फुकुशिमा येथे ११ मार्च २०११ रोजी हेच घडले. ९ रिश्टरच्या घरातील भूकंप होताच तेथील चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. परंतु त्यानंतर आलेल्या त्सुनामीच्या लाटांनी पर्यायी विजेची डिझेल जनित्रे निकामी केली, शीतकरण थांबले आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. त्यांतील अनेकांना ती पुन्हा लाभली नाहीत.

जैतापूरची वीस वर्षे

राजापूर तालुक्यातील माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली व वरिलवाडा या गावांच्या परिसरात सुमारे ९३८ हेक्टर जमिनीवर हा प्रकल्प नियोजित आहे. तेथे फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या उभारावयाच्या आहेत. फ्रान्सचे तत्कालीन अध्यक्ष निकोला सार्कोझी यांच्या भारतभेटीत, डिसेंबर २०१० मध्ये, आरेवा ही फ्रेंच कंपनी आणि आपले अणुऊर्जा महामंडळ यांच्यात प्राथमिक करार झाला. त्याच्या काही दिवस आधी, २८ नोव्हेंबर २०१० रोजी, पर्यावरण मंत्रालयाने ३५ अटी घालून प्रकल्पास मंजुरी दिली होती.

त्या वर्षीच्या मे महिन्यात जनसुनावणी झाली. प्रकल्पाचा पर्यावरणविषयक अहवाल आपल्याला मराठीतून वेळेवर मिळाला नाही, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. ज्यांच्या अंगणात प्रकल्प यावयाचा त्यांनाच तो वाचता येऊ नये, या भावनेने अविश्वास वाढत गेला. आंबा व काजूच्या बागा असलेल्या शेतकऱ्यांना जमिनीची चिंता होती. साखरी नाट्याच्या मच्छीमारांची जमीन जाणार नव्हती, म्हणून मोबदल्याच्या यादीत त्यांना आरंभी ठळक स्थान नव्हते. परंतु भट्ट्या थंड करून समुद्रात सोडले जाणारे कोमट पाणी आणि किनाऱ्यावरील सुरक्षेचे निर्बंध यांमुळे मासेमारीच जाईल, ही भीती त्यांना भेडसावत होती. फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर अवघ्या पाच-सहा आठवड्यांनी, १८ एप्रिल २०११ रोजी, आंदोलन चिघळले आणि पोलिसांच्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा मृत्यू झाला.

पुढे २०१३ साली राज्य सरकारने जमिनीचा मोबदला वाढवून हेक्टरी साडेबावीस लाख रुपये केला आणि अनेक खातेदारांनी तो स्वीकारला. मच्छीमारांचा विरोध मात्र मावळला नाही.

विलंब का झाला?

प्रकल्प केवळ आंदोलनामुळे अडला, असे अनेकदा बोलले जाते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे.

पहिले कारण खुद्द अणुभट्टीचे आहे. जैतापूरसाठी निवडलेला प्रकार त्या वेळी जगात कोठेही वीज देत नव्हता. फिनलंडमधील ओल्किलुओतो येथे अशा पहिल्या भट्टीचे काम २००५ साली सुरू झाले आणि ते २००९ मध्ये पूर्ण व्हावयाचे होते. तेथे नियमित वीजनिर्मिती एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. फ्रान्समधील फ्लामाँविल येथील भट्टी २०१२ साली तयार होणार होती; ती डिसेंबर २०२४ मध्ये वीजजाळ्यास जोडली गेली. तिचा खर्च आरंभी सांगितलेल्या सुमारे ३.३ अब्ज युरोंवरून १३ अब्ज युरोंच्या पुढे गेला. चीनमधील तायशान येथील दोन भट्ट्या २०१८ व २०१९ साली सुरू झाल्या. परंतु त्यांतील पहिली इंधनकांड्यांना इजा झाल्यामुळे २०२१ साली बंद करावी लागली व वर्षभराने पुन्हा चालू झाली.

दुसरे कारण पैशाचे. आरेवा कंपनी आर्थिक संकटात सापडली आणि तिचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय फ्रान्सच्या ईडीएफ या सरकारी वीज कंपनीकडे गेला. ईडीएफने २०१८ साली अणुऊर्जा महामंडळाशी नवा करार केला व एप्रिल २०२१ मध्ये आपला तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव सादर केला. विजेचा दर ग्राहकाला परवडेल असा कसा राखावयाचा, हा वाटाघाटींतील कळीचा प्रश्न राहिला आहे.

तिसरे कारण उत्तरदायित्वाचे. अपघात झाला तर भरपाई कोणी द्यावयाची? भोपाळच्या वायुदुर्घटनेची आठवण ताजी ठेवून संसदेने २०१० साली अणुअपघात नुकसानभरपाई कायदा केला. त्यात केंद्र चालविणाऱ्याची जबाबदारी १,५०० कोटी रुपयांपर्यंत ठरविली होती आणि यंत्रसामग्री सदोष निघाल्यास ती पुरविणाऱ्याकडून वसुली करण्याचा अधिकारही दिला होता. परदेशी कंपन्यांना हेच कलम नको होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या संक्षिप्त नावाचा नवा कायदा संमत करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा हा कायदा अशा दोहोंची जागा त्यास दिली. अणुवीजेचे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आणि पुरवठादाराविषयीचे ते वादग्रस्त कलम राहिले नाही. सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीजेचे उद्दिष्ट ठेवले आहे; त्या दिशेने टाकलेले हे पाऊल आहे. परंतु भरपाईचा प्रश्न यामुळे संपला असे नव्हे; तो आता राज्यकर्त्यांना अधिक काळजीपूर्वक विचारला पाहिजे.

सुरक्षिततेचे प्रश्न

न्यायबुद्धीने दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. या प्रकारच्या भट्टीत शीतकरणाच्या चार स्वतंत्र व्यवस्था असतात. एक बिघडली तरी दुसरी काम करते. भट्टीभोवती काँक्रीटचे दुहेरी कवच असते. इंधन वितळलेच तर ते जमिनीत न जाता एका विशेष कुंडात पसरून थंड व्हावे, अशीही योजना असते. माडबनचा सडा समुद्रसपाटीपासून सुमारे २५ मीटर उंच आहे, त्यामुळे फुकुशिमासारखी लाट तेथवर पोहोचणार नाही, असे अणुऊर्जा महामंडळाचे म्हणणे आहे. शिवाय आपल्या राज्यातील तारापूर येथे, वसई धर्मप्रांताच्या हद्दीत, १९६९ पासून अणुवीज केंद्र चालू आहे.

दुसऱ्या बाजूस भूकंपशास्त्रज्ञ विनोद गौर व रॉजर बिल्हॅम यांनी २०११ साली एका संशोधनलेखात दाखवून दिले की, जैतापूरच्या परिसरातील भूगर्भाचा अभ्यास अपुरा असून तेथे ६ रिश्टरच्या आसपासचा भूकंप अशक्य मानता येणार नाही. १९६७ साली कोयनेच्या भूकंपाने महाराष्ट्राला हाच धडा दिला होता. वापरलेले इंधन हजारो वर्षे किरणोत्सारी राहते; ते सांभाळण्याचे ओझे अजून न जन्मलेल्या पिढ्यांवर पडणार आहे.

येथे विलंबाविषयी एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. फ्लामाँविल येथे भट्टीच्या पात्राच्या पोलादात कार्बनचे प्रमाण काही ठिकाणी अधिक आढळले. फ्रान्सच्या अणुसुरक्षा नियामकाने ही गोष्ट २०१५ साली जाहीर केली. पुढे वाफेच्या नळ्यांचे सदोष जोडही पुन्हा करावे लागले. त्यामुळे वर्षे गेली आणि पैसा गेला. पण दोष भट्टी पेटण्यापूर्वी सापडला. असा विलंब म्हणजे सुरक्षिततेची किंमत होय. उलट माहिती दडवून, लोकांना टाळून आणि उत्तरदायित्वावर घासाघीस करून जो विलंब होतो, त्यातून कोणाचेही हित होत नाही. जैतापूरच्या वीस वर्षांत हे दोन्ही प्रकार मिसळलेले आहेत.

आपल्या भूमीचे दोन अनुभव

गडचिरोलीकरांना हा भेद पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १९८० च्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम असे दोन मोठे जलविद्युत प्रकल्प योजिले गेले होते. दक्षिण गडचिरोलीतील गावे आणि विस्तीर्ण वनराई त्यांत बुडणार होती. आदिवासी बांधव एकत्र आले. आनंदवनाचे बाबा आमटे त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन झाले. ते दोन्ही प्रकल्प मूळ स्वरूपात उभे राहिले नाहीत. या जागृतीतूनच मेंढा (लेखा) या गावाने ग्रामसभेच्या बळावर आपला कारभार आपण पाहण्याची परंपरा घडविली व २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला. थांबणे ही नेहमीच हानी नसते, हे या अनुभवाने शिकविले.

दुसरा अनुभव मेडीगड्डा धरणाचा. सिरोंचा तालुक्याच्या सीमेवर गोदावरीवर तेलंगणा सरकारने बांधलेल्या या धरणाचे भूमिपूजन मे २०१६ मध्ये झाले आणि २१ जून २०१९ रोजी त्याचे उद्घाटनही झाले. अवघ्या तीन वर्षांत झालेल्या या कामाचे मोठे कौतुक झाले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याचे काही खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने नियोजन, आराखडा, गुणवत्ता नियंत्रण आणि देखभाल या सर्वच बाबतींत उणिवा दाखविल्या. त्याआधी जुलै २०२२ च्या पुरात सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांची पिके पाण्याखाली गेली होती. या धरणाचे पाणी तेलंगणासाठी आणि त्याची धास्ती मात्र अलीकडच्या तीरावरील आपल्या गावांना, अशी ही विषम वाटणी आहे.

चंद्रपूरचा धूर, सिरोंच्याचे पाणी आणि साखरी नाट्याचा समुद्र यांत एकच सूत्र आहे. लाभ एकाकडे जातो व धोका दुसऱ्याच्या वाट्याला येतो. आणि धोका ज्याच्या वाट्याला येतो त्याला बहुधा सर्वांत शेवटी विचारले जाते.

ख्रिस्तसभेची शिकवण

ख्रिस्तसभेने विज्ञानाचा कधी अव्हेर केलेला नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे परमपीठ १९५७ पासूनचे संस्थापक सदस्य आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या सामाजिक शिकवणीच्या संक्षेपग्रंथात अणुवीजेची सुरक्षितता वाढविण्याचा आणि ऊर्जेचे नवे स्रोत शोधण्याचा आग्रह धरलेला आहे. जपानच्या बिशप महोदयांनी नोव्हेंबर २०११ मध्ये सेंदाई येथून निवेदन प्रसिद्ध करून आपल्या देशातील सर्व अणुवीज केंद्रे बंद करण्याची मागणी केली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये जपानहून परतताना, संपूर्ण सुरक्षिततेची हमी मिळेपर्यंत आपण अणुऊर्जा वापरणार नाही, असे सांगितले. मात्र हे आपले वैयक्तिक मत असल्याचेही त्यांनी स्पष्ट केले. अणुवीज सर्वस्वी निषिद्ध आहे, असा ख्रिस्तसभेचा निर्णय नाही, हे श्रद्धावंतांनी ध्यानात ठेवावे.

तथापि निर्णय कसा घ्यावा याबाबत शिकवण अत्यंत स्पष्ट आहे. ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या विश्वपत्रात पोप महोदय म्हणतात की, पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास प्रकल्प ठरल्यानंतर करावयाचा नसून आरंभीच करावयाचा आहे आणि स्थानिक जनतेला चर्चेत विशेष स्थान मिळाले पाहिजे. प्रकल्प कशासाठी, कोणासाठी, कोठे आणि केव्हा? धोके कोणते? खर्च किती आणि तो कोण सोसणार? हे प्रश्न त्यांनी प्रत्येक मोठ्या उपक्रमापुढे ठेवले आहेत. मनोऱ्याच्या दाखल्यातील हिशेब तो हाच. त्याच पत्रात कोळशाचा वापर विनाविलंब घटविण्याचेही आवाहन आहे. म्हणून जैतापूर नको असे म्हणताना चंद्रपूरचा धूर चालू राहावा, असे आपण म्हणू शकत नाही. आणि चंद्रपूरचा धूर थांबावा म्हणून माडबनच्या माणसांना गप्प करावे, असेही म्हणू शकत नाही. सौरऊर्जा, विजेची बचत आणि गळती रोखणे हे मार्गही हिशेबात धरले पाहिजेत.

आपण काय करावे?

आपल्या जिल्ह्यांत खाणी, कारखाने व वीज प्रकल्प येत राहणार आहेत. २००६ च्या अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागू आहे, तेथे किमान ३० दिवस आधी जाहीर सूचना देणे आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करणे बंधनकारक आहे. तो मराठी सारांश मागून घ्यावा, धर्मग्रामात चार माणसांनी एकत्र बसून वाचावा आणि आपले म्हणणे लेखी द्यावे. गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला मान देतात. त्या सभांना आपली उपस्थिती असावी. माहितीचा अधिकार आपणा सर्वांस २००५ पासून आहे. अज्ञानातून होणारा विरोध आणि अज्ञानातून मिळणारी संमती, दोन्ही सारखेच घातक होत.

सृष्टी ही परमेश्वराने मानवाच्या हाती राखण्यासाठी व मशागतीसाठी सोपविली आहे, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. कोकणच्या किनाऱ्यावरील मच्छीमार बांधव आणि दुर्गापूरच्या खाणीतील कामगार बांधव एकाच पित्याची लेकरे आहेत. आपल्या घरातील दिवा लावताना त्याच्या उजेडाची किंमत कोण मोजतो आहे, याचा विचार आपल्या मनात जागा राहो आणि निर्णय घेणाऱ्यांना सत्य सांगण्याचे व ऐकण्याचे धैर्य लाभो, हीच प्रभूचरणी आमची प्रार्थना.